श्वासाची मोजदाद

विद्यार्थिमित्रहो, हा लेख हातीं घेतल्यापासून तुम्ही किती वेळां श्वास घेतलात असें कोणी विचारलें, तर तुम्हांस सांगतां येणार नाहीं. त्यांत तुमचा दोष नाहीं. खाणें, पिणें, चालणें हीं कामें आपण जाणून करतों. श्वासोच्छ्वास मात्र आपण गाढ झोंपेंत असलों तरी चालूच असतो. पवित्र शास्त्राच्या आरंभींच मनुष्याच्या जीवनाचा संबंध त्याच्या श्वासाशीं जोडलेला आहे. आणि आपल्या भाषेंतही श्वास व जीव हे दोन्ही अर्थ 'प्राण' या एकाच शब्दांत आहेत. असें असूनही घरांत कोणी आजारी पडलें कीं आपण कपाळाला हात लावून ताप पाहतों, नाडी पाहतों, जीभ पाहतों. श्वास पाहावयाचा तेवढा राहून जातो. तो कां व कसा पाहावा, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम हें यंत्र कसें चालतें तें पाहूं. शेगडीतील निखाऱ्यांना जसा वारा लागतो, तसा शरीरांतील प्रत्येक पेशीला प्राणवायु लागतो. त्याच्या साहाय्यानें अन्नापासून उष्णता व शक्ति उत्पन्न होते, आणि कर्बद्विप्राणिद नांवाचा वायु तयार होतो. तो सांचून राहिला तर अपाय होतो. म्हणून प्राणवायु आंत आणणें व हा वायु बाहेर टाकणें, अशीं दोन कामें श्वासाला करावीं लागतात.

हवा नाकांतून आंत जातांना ऊन व ओलसर होते आणि तिच्यांतील धूळ तेथेंच अडकते. पुढें ती श्वासनलिकेंतून छातींत उतरते. या नलिकेच्या दोन शाखा होतात, त्यांना पुन्हा उपशाखा फुटतात, आणि उलट्या धरलेल्या वृक्षाप्रमाणें हा विस्तार होत होत शेवटीं अतिसूक्ष्म वायुकोशांत संपतो. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे कोट्यवधि वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारें ७० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गाच्या जमिनीइतकी जागा व्यापतील. त्यांच्या पातळ भिंतींना लागूनच केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि तेथेंच दोन वायूंची देवघेव होते. आंत जाणाऱ्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. बाहेर येणाऱ्या हवेंत तो शेंकडा १६ च्या आसपास उरतो.

फुप्फुसांना स्वतःची हालचाल करतां येत नाहीं. छाती व पोट यांच्यामध्यें श्वासपटल नांवाचा घुमटासारखा स्नायु आहे. तो आकुंचन पावून खालीं सरकला व बरगड्या वर उचलल्या गेल्या, म्हणजे लोहाराच्या भात्याप्रमाणें छाती फुगते व हवा आंत शिरते. या भात्याचा दोर मेंदूच्या खालच्या भागाच्या हातीं असतो. रक्तांत कर्बद्विप्राणिद वाढला कीं तेथून भराभर श्वास घेण्याचा हुकूम सुटतो. धांवत शाळेंत आल्यावर तुम्हांस धाप लागते, ती यामुळेंच.

आतां आजाराचा विचार करूं. लहान मुलांच्या ज्या दुखण्याला जुन्या बायका 'डबा' म्हणत, तो बहुधा न्यूमोनिया होय. या रोगांत वायुकोशांत पू व पाणी भरतें आणि फुप्फुस ताठर होतें. एका श्वासांत पुरेसें काम होत नाहीं, म्हणून शरीर श्वासांची संख्या वाढवून उणीव भरून काढूं पाहतें. अर्थात् ही वाढलेली संख्या म्हणजे शरीरानें आपल्याला घातलेली हांकच होय. ती ऐकण्यास एक घड्याळ व दोन सावध डोळे पुरतात.

मोजण्याची रीत अशी. मूल शांत असावें. तें रडत असतां किंवा दूध पीत असतां मोजूं नये. अंगरखा वर सरकवून छातीकडे किंवा पोटाकडे पाहावें. एकदां वर येणें व खालीं जाणें मिळून एक श्वास. पाव मिनिट मोजून चारानें गुणूं नये. बालकाचा श्वास अनियमित असतो, म्हणून पुरें एक मिनिट मोजावें, व आंकडा मोठा आला तर पुन्हा मोजून खात्री करावी. मोठ्या माणसाचा श्वास मोजतांना त्याला कळूं देऊं नये, कारण कळलें कीं तो बदलतो. कुशल परिचारिका नाडी पाहत असल्याप्रमाणें मनगट धरून ठेवते आणि नजर छातीवर ठेवते.

निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांति घेत असतां मिनिटास १२ ते २० श्वास घेतो. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतींत पुढील आंकडे पाठ करून ठेवावे: दोन महिन्यांखालील बालकाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास झाले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

केवळ आंकड्यावर मात्र विसंबूं नये. श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जातो काय, नाकपुड्या फुलतात काय, कण्हल्यासारखा आवाज येतो काय, ओठ व जीभ निळसर दिसतात काय, मूल दूध पिईनासें किंवा सुस्त झालें आहे काय, हें पाहावें. मोठा मनुष्य एक वाक्यही सलग बोलूं शकत नसेल, किंवा पुढें वांकून बसल्याशिवाय त्याला चैन पडत नसेल, तर तेंही तसेंच गंभीर समजावें. यांतील एकही चिन्ह दिसल्यास क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: धापा टाकणाऱ्या रुग्णाचा श्वास एकाएकीं मंदावला व तो गुंगूं लागला, तर त्याला आराम पडला असें समजूं नये. तो थकून गेलेला असतो, आणि हीच वेळ सर्वांत धोक्याची.

मदत मिळेपर्यंत रुग्णास उशाशीं आधार देऊन बसतें करावें, कपडे सैल करावे, भोंवतालची गर्दी हटवावी व चुलीचा धूर खोलींत येऊं देऊं नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं लिहिलेल्या आपल्या शुश्रूषेच्या पुस्तकांत, रोग्यास गारठा न लागतां शुद्ध हवा मिळावी, या गोष्टीला पहिलें स्थान दिलें आहे. धाप लागलेल्याच्या तोंडांत बळेंच कांहीं घालूं नये. बालकाच्या पोटावर डाग देण्याची अघोरी चाल तर कोणींही पाळूं नये. तिनें रोग जात नाहीं, मुलाच्या यातना मात्र वाढतात व अमूल्य वेळ निघून जातो.

घरच्या माणसांना हें जमेल काय, अशी शंका कोणास येईल. तिचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत मिळालें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्या दायांना व आरोग्यसेवकांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविलें. निरक्षर दायांना पन्नासपर्यंत मोजतां येत नसे. म्हणून त्यांच्यासाठीं एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ व मणी असलेलें साधन करण्यांत आलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा, एवढेंच काम. १९९० सालीं या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. ज्या गांवांत हें काम झालें, तेथें न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु इतर गांवांच्या मानानें निम्म्याहून कमी होते. ज्यांना अक्षर येत नव्हतें, त्या स्त्रियांनीं दहा-दहा श्वास मोजून मुलें वांचविलीं; मग शाळेंत शिकणाऱ्या आपणांस हें कां जमूं नये?

तेव्हां, मित्रहो, आज रात्रीं एक करा. घड्याळ जवळ घेऊन झोंपलेल्या धाकट्या भावाचा किंवा बहिणीचा श्वास एक मिनिट मोजा, व आईलाही मोजावयास सांगा. निरोगी श्वास कसा असतो हें ज्यानें नीट पाहिलें आहे, त्यालाच बिघडलेला श्वास चटकन् ओळखतां येतो. शुश्रूषा म्हणजे केवळ औषधाचा चमचा तोंडाशीं नेणें नव्हे. दुसऱ्याच्या जीवाकडे मन लावून पाहणें, ही तिची पहिली पायरी आहे.