रेशमाचा धागा निघाला, माशांचे अन्न उरले

अलीकडे आपल्या भागात शेततळी वाढली आणि त्यांत कटला, रोहू, मृगळ सोडणारे शेतकरीही वाढले. त्यांची एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते: खाद्य परवडत नाही. तक्रार खरी आहे. मत्स्यशेतीच्या चालू खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा बहुधा खाद्यावरच जातो.

भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग, हे आपले जुने खाद्य. अधिक प्रथिनांसाठी कारखान्यातील खाद्यात मासळीची भुकटी घालतात. अशा एक किलो भुकटीला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते, आणि ती बहुधा तारलीसारखी लहान व स्वस्त असते. गरिबाच्या ताटातले काढून तळ्यातल्या माशाला घालावे, हे आम्हांला पटत नाही.

याला एक उपाय म्हणजे कीटक. नाक मुरडू नका; नदीतला मासाही किडे खातोच. युरोपीय संघाने २०१७ साली मत्स्यखाद्यात काही कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली आणि २०२१ साली त्यांत रेशीमकिड्याची भर घातली. आपल्याकडे तर हा किडा घरचाच आहे. कर्नाटकात रामनगर, शिडलघट्टा येथे कोष गरम पाण्यात घालून धागा काढतात. आत राहतो तो मेलेला किडा. एक किलो रेशमामागे असे सुमारे दोन किलो वाळलेले किडे मिळतात. त्यांत निम्मी किंवा थोडी अधिक प्रथिने असतात. तेल काढल्यावर ते प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास जाते.

मात्र एक धोका ध्यानात ठेवावा. या किड्यात सुमारे चौथा हिस्सा तेल असते व ते लवकर खवट होते. जपानात असे खवट किडे खाऊन तळ्यातले मासे आजारी पडले; पाठीचे मांस झडून ते सुकले. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. शक्यतो तेल काढलेली भुकटीच घ्यावी.
२. खवट वास आला किंवा बुरशी दिसली, तर माल स्वस्त असला तरी परत करावा.
३. माल थोडाच आणावा, कोरड्या जागी ठेवावा व लवकर संपवावा.
४. सगळी पेंड एकदम बंद करू नये. आधी थोडा भाग बदलून माशांची भूक व वाढ पाहावी.
५. भुकटी हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे. तिच्या धुळीने काहींना दमा होतो.

पाच भाकरी व दोन मासे पाच हजारांना पुरल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, हे आपण जाणतो. धागा काढल्यावर उरलेला किडा हाही तसाच एक तुकडा आहे. तो नीट वापरला, तर शेतकऱ्याचा खर्च हलका होईल आणि तारली गरिबाच्या ताटात राहील.