संध्याकाळी येणाऱ्या फोनची शाळा

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की कोन हे गाव लागतं. इथल्या एखाद्या घरात फोन एकच असेल आणि तो वडिलांसोबत गोदामावर जात असेल, तर सकाळी अकराचा ऑनलाइन तास मुलांच्या काय कामाचा?

मुलांच्या हातात बालभारतीचं पुस्तक मात्र असतं, आणि त्यावर क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग आधी करून दाखवला; २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण त्या चौकोनात धडा नसतो, फक्त धड्याचा पत्ता असतो. संध्याकाळी फोन घरी आला, तरी नेट गेलं की पत्ता हातात आणि दार बंद.

यावरचा उपाय ब्राउझरमध्येच आहे: सर्व्हिस वर्कर. धड्यांच्या वेबसाइटमध्ये तो घातलेला असेल, तर ती पहिल्यांदा उघडली की हा छोटा प्रोग्रॅम फोनमध्ये बसतो, ठरवून दिलेली पानं, चित्रं, प्रश्न साठवतो. पुढे पान मागितलं की मागणी आधी त्याच्याकडे जाते. साठ्यात असेल तर नेटशिवायच पान उघडतं. सोडवलेली उत्तरं फोनमध्ये राहतात, नेट आलं की शिक्षकांकडे जातात. वेगळं ॲप लागत नाही. आभासी वास्तवाच्या चष्म्यांच्या गाजावाजापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

मात्र फोनची जागा भरत आली की ब्राउझर असा साठा न विचारता पुसू शकतो. तो राखून ठेवण्याची परवानगी वेबसाइटला मागता येते. बनवणाऱ्यांनी ती मागायला हवी.