जोशांदा, शहद आणि घड्याळाचा काटा
गेल्या थंडीत नणंद माहेरपणाला आली होती. तिच्या चार महिन्यांच्या बाळाला सर्दी-खोकला झाला. सासूबाईंनी शहदाची बाटली काढली. मी हात धरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, शहद तर शिफा आहे. त्यात काय वाईट?"

सासूबाईंचे म्हणणे खरेच होते. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नहलमध्ये शहदात लोकांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा चमचा शहद दिल्यास खोकल्याची ढास कमी होते, हे डॉक्टरही सांगतात. पण शहदात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत; तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. त्याने बाळ लुळे पडते, श्वासही अडखळू शकतो. म्हणून वर्षाच्या आत शहद बोटभरही चाटवू नये. तहनीकसाठीसुद्धा शहद नको; सुन्नत तर खजुराची आहे.

मोठ्यांसाठी आपला जोशांदा चांगला. अत्ताराकडून ५ उन्नाब, ९ सपिस्तान (सुकी भोकरे) आणि ३ ग्रॅम बेहदाना आणावा. सारे धुऊन रात्री दोन कप पाण्यात भिजवावे. बेहदाना कुटू नये, अख्खाच ठेवावा. सकाळी मंद आचेवर एक कप होईपर्यंत उकळून, गाळून, कोमट प्यावा. घसा खवखवत असेल तर ज्येष्ठमधाचा छोटा तुकडा घालावा. मात्र रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी ज्येष्ठमध टाळावे.

जोशांद्याने घशाला आराम मिळतो. सर्दी विषाणूची असते, ती बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते. दुकानातून मनाने सिरप आणून लहानग्यांना पाजणेही धोक्याचे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक मुले दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे न देण्याचे पुन्हा बजावले.

मग घरी काय करावे? घड्याळ घ्यावे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नये. तसेच दवाखाना गाठावा.

त्या रात्री बाळाचे श्वास मी दोनदा मोजले. दोन्ही वेळा ५६ भरले. आम्ही लगेच निघालो. डॉक्टरांनी न्यूमोनियाच सांगितला. वेळेत औषध सुरू झाले आणि अलहम्दुलिल्लाह, आठवड्याभरात बाळ हसू-खेळू लागले.

अल्लाहने आजारांबरोबर त्यांचे इलाजही उतरविले आहेत, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. कधी तो इलाज आपल्या पातेल्यात असतो, कधी डॉक्टरांकडे. सासूबाई आता शेजारणींना जोशांदा सांगतात आणि सोबत विचारतात, "बाळाचे श्वास मोजलेस का?"