बाटलीत मुरणारी बिअर

पिंपातले आंबवण संपले की बिअर चवीला बिअरच लागते, पण तिच्यात दम नसतो. यीस्टने माल्टमधली साखर खाऊन अल्कोहोल केलेले असते. त्याच वेळी निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून बुडबुडत बाहेर गेलेला असतो. २० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या जेमतेम ०.८५ पट वायू उरतो. फेस धरणाऱ्या पेल एलला तो साधारण २.४ पट लागतो. कारखान्यात ही तूट बहुधा टाकीतला वायू सोडून भरून काढतात. घरच्या बिअरमध्ये तेच यीस्ट बंद बाटलीत पुन्हा कामाला लावले जाते. बिअर शिजवण्याच्या दिवसाचे कौतुक फार होते, पण पहिला घाणा हातचा जातो तो पुष्कळदा बाटल्या भरताना.

हा छंद फोफावला तो मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत, आणि तोही कायदा सैल झाल्यावर. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरलाही परवाना लागे. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि एकाहून अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायला मात्र दोन्हीकडे मनाई. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हाच आहे. त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात जे राजरोस चालते, ते पुण्यात चालत नाही.

बाटलीत बिअर जिवंत राहते हे पूर्वीच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे सोळाव्या शतकातले डीन अलेक्झांडर नॉवेल मासे धरायला गेले असता बिअरची बाटली गवतात विसरून आले आणि काही दिवसांनी ती उघडली तेव्हा बंदुकीसारखा बार निघाला, अशी हकीकत थॉमस फुलर यांच्या १६६२ मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे. हकीकत ऐकीव असेल, पण त्यातले शास्त्र खोटे नाही. २.४ पट वायू भरलेल्या बाटलीत २० अंशांना मोटारीच्या चाकात असतो जवळपास तेवढा दाब असतो. काच तेवढा सहज सोसते. प्रश्न येतो तो दाब याच्या दुप्पट झाला तर.

म्हणून बाटल्या काढण्याआधी पाहायचे ते एकच : आंबवण खरोखर संपले आहे का. बुडबुडे थांबले म्हणजे ते संपले, असा नवख्यांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. झाकण सैल असले तरी बुडबुडे थांबतात. विचारायचे ते हायड्रोमीटरला. काचेची ही तरती नळी द्रवाची घनता दाखवते. १.०५० पासून सुरू झालेली बिअर १.०१२ च्या आसपास येऊन थांबते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे तंतोतंत जुळली, तरच पुढे जावे. १.०१६ वर घाई करून भरलेली बिअर नंतर १.०१२ पर्यंत उतरली, तर त्या चार अंकांतूनच सुमारे दोन पट जादा वायू तयार होतो. त्यात मुद्दाम घातलेली साखर वेगळी. अशा बाटल्या कपाटात फुटतात आणि एकीचे तुकडे शेजारणीला फोडतात. इंग्रजी मुलखात त्यांना ‘बॉटल बॉम्ब’ म्हणतात, ते थट्टेने नव्हे.

१९ लीटरच्या घाण्याला ३३० मिलीलीटरच्या पंचावन्नेक बाटल्या लागतात. त्या तपकिरी काचेच्या असाव्यात. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर निळसर आणि जंबुपार प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि त्याचा वास स्कंक या अमेरिकी प्राण्याच्या फवाऱ्याची आठवण करून देतो. तपकिरी काच तो प्रकाश अडवते, हिरवी फारसे अडवत नाही आणि पांढरी तर मुळीच नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या टाळाव्यात. त्यांच्या तोंडावर पत्र्याचे झाकण नीट बसत नाही.

धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. तळाशी वाळलेला साका असलेल्या बाटलीत कितीही जंतुनाशक ओतले तरी त्या थराखालचे जिवाणू सुखरूप राहतात. आधी ब्रशने घासून बाटली लख्ख करावी, उजेडाकडे धरून पाहावी आणि मगच फॉस्फोरिक आम्लाच्या, पुन्हा धुवावे न लागणाऱ्या द्रावणाने एक-दोन मिनिटे भिजवून उपडी ठेवावी. नळी, बादली, झाकणे, चमचा या सगळ्यांना हाच नियम.

आता साखर. एक लीटर बिअरमध्ये एक पट वायू वाढवायला साधी साखर सुमारे ४ ग्रॅम लागते. ०.८५ वरून २.४ वर जायचे म्हणजे दीडपटीहून किंचित जास्त, म्हणजे लीटरला ६ ग्रॅमच्या वर. १९ लीटरला १२० ग्रॅमच्या जरा आत. ग्लुकोज पावडर वापरली तर दहाएक टक्के जास्त. इंग्लिश बिटरला २ पटही पुरे होतात, उलट जर्मन गव्हाच्या बिअरला साडेतीनपर्यंत जावे लागते, आणि मग जाड बाटल्याच हव्यात. हिशेब पिंपात मुळात किती बिअर होती यावर करू नये; तळाचा गाळ सोडून जेवढी हाती येईल तेवढ्यावरच करावा. साखर चमच्याने न मोजता वजनाने मोजावी. या साखरेने अल्कोहोलही वाढते, पण अर्ध्या टक्क्याहून कमी.

प्रत्येक बाटलीत कोरडी साखर टाकण्याची पद्धत सोपी दिसते, पण दाणे कमीजास्त पडतात आणि एका बाटलीत फेस, दुसरीत पाणी असा प्रकार होतो. त्यापेक्षा सगळी साखर पेलाभर पाण्यात पाच मिनिटे उकळून निववावी आणि नळ असलेल्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओतावी. मग पिंपातली बिअर सायफनने तिच्यावर घ्यावी. नळीचे टोक बादलीच्या तळाशी, भिंतीला लागून आडवे ठेवले की बिअर गोल फिरत चढते आणि साखर आपोआप मिसळते. वरून धार धरू नये. आंबवण संपल्यावर बिअरला प्राणवायूचे वावडे असते. धार खळखळली तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येऊ लागते. थोडाबहुत प्राणवायू बाटलीतले यीस्ट खाऊन टाकते, हा बाटलीत मुरवण्याच्या पद्धतीचा एक फायदा, पण त्यावर विसंबू नये.

भरण्यासाठी टोकाला स्प्रिंगची झडप असलेली ताठ नळी मिळते. ती बाटलीच्या तळाला टेकवली की झडप उघडते आणि बिअर खालून वर, फेस न करता चढते. काठोकाठ आली की नळी उचलायची. नळीने व्यापलेली जागा रिकामी होऊन पातळी दोन-अडीच सेंटीमीटर खाली बसते, आणि तेवढीच जागा हवी असते. झाकण बसवायच्या यंत्राचे दोन दांडे एकदम, सारखा जोर देऊन दाबावे. झाकण बोटांनी फिरवून पाहावे. फिरले तर बसलेले नाही. हे पन्हाळीदार कडेचे झाकण बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांचे, पेटंट १८९२ चे. तेव्हा त्याला २४ दाते होते, आता २१ असतात. एखादी प्लास्टिकची बाटलीही भरून ठेवावी. ती दाबून पाहिली की दाब किती चढला ते काहीही न उघडता कळते.

भरलेल्या बाटल्या उभ्या, अंधाऱ्या जागी, १८ ते २२ अंशांत ठेवाव्यात. लगेच फ्रिजमध्ये ठेवल्या तर यीस्ट झोपते आणि वायू होतच नाही; लंडनच्या हिवाळ्यात थंड गॅरेजमध्येही हेच होते. साधारण आठवड्याभरात वायू तयार होऊ लागतो, पण फेस बारीक आणि टिकाऊ व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. याच काळात कच्च्या सफरचंदासारखा वास देणारे ॲसिटाल्डिहाइड आणि लोण्याच्या वासाचे डायॲसिटिल यीस्ट परत ओढून घेते. म्हणजे बाटलीत बिअर नुसती फसफसत नाही, मुरतेही. मुरण्यालाही मर्यादा आहे. भरपूर हॉप्सची बिअर दोन-तीन महिन्यांत संपवावी, कारण तिचा सुगंधच आधी उडतो. दणकट, जास्त अल्कोहोलच्या बिअर मात्र वर्षभरातही सुधारत जातात.

तीन आठवड्यांनी बिअर मिळमिळीत निघाली तर बाटल्या उबदार जागी हलवाव्यात, हळूच उलटसुलट करून साका उठवावा आणि आणखी आठवडा थांबावे. उघडताच सगळी बिअर उसळून बाहेर आली आणि गळ्याशी आतून कडे दिसले, तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरलेले असतात. नेहमीचे यीस्ट सोडून देते ती डेक्स्ट्रिन नावाची जड शर्कराही यांतले काही खातात, त्यामुळे दाब महिनोन्महिने चढत राहतो. अशा बाटल्या डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून, थंड करूनच उघडाव्यात.

पिण्याआधी एक-दोन दिवस बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. थंड द्रवात वायू जास्त मुरतो आणि साका तळाशी घट्ट बसतो. ग्लास तिरपा धरून बिअर एका दमात ओतावी, मध्ये बाटली सरळ करू नये, आणि शेवटचे बोटभर सोडून द्यावे. जर्मन गव्हाच्या बिअरला हा नियम नाही. तिथे तळ घुसळून साकाही ग्लासात घेतात. तो पोटात गेला तर अपाय नाही, फक्त काहींचे पोट गुरगुरते. रिकामी बाटली तिथल्या तिथे गरम पाण्याने विसळून ठेवली, तर पुढच्या घाण्याला ब्रश हाती घ्यावा लागत नाही.