पावातला ब्रोमेट आणि उंदराच्या पेशीतला ठिपका

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास, सकाळच्या चहाबरोबर बन हवाच. आणि तो मऊ, छान फुगलेला हवा. हा फुगीरपणा आणायला आपल्या देशातल्या कितीतरी बेकऱ्या वर्षानुवर्षे मैद्यात पोटॅशियम ब्रोमेट घालत. पाव नीट भाजला की ब्रोमेटचे ब्रोमाइड होते. पण प्रमाण जास्त पडले किंवा भट्टी पुरेशी तापली नाही, तर ब्रोमेट पावातच उरतो.

उरला तर काय होते, हे उंदरांनी सांगितले. अस्थिमज्जेत तांबडी पेशी पिकत आली की ती आपले केंद्रक बाहेर टाकते. एखादे गुणसूत्र आधीच तुटले असेल, तर त्याचा तुकडा मागे राहतो. काचपट्टीवर रंग दिला की रिकाम्या पेशीत तो एकटा ठिपका उठून दिसतो. त्याला म्हणतात सूक्ष्मकेंद्रक. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आजच्या नियमांनुसार एकेका प्राण्याच्या किमान ४,००० कोवळ्या पेशी तपासायच्या असतात. रसायन दिलेल्या उंदरांत ठिपके वाढले, की ते गुणसूत्रांना इजा करते हे कळते.

अशा चाचण्या जिवाणूंवरही होतात, त्या आधी कराव्यातच. पण जिवाणूला मूत्रपिंड नसते. १९८०च्या दशकात जपानमध्ये ब्रोमेटचे पाणी प्यायलेल्या उंदरांना मूत्रपिंडातही गाठी झाल्या. तिथल्या डीएनएवर ऑक्सिडीकरणाच्या खुणा सापडल्या, आणि अस्थिमज्जेच्या चाचणीत ठिपकेही वाढलेले दिसले.

ब्रिटनने १९९० मध्ये ब्रोमेट बंद केला. आपल्याकडे मे २०१६ मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने दिल्लीतले पाव, बन, पिझ्झा अशा ३८ नमुन्यांचा अहवाल दिला. त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियमचे ब्रोमेट किंवा आयोडेट निघाले. पुढच्याच महिन्यात देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने, एफएसएसएआयने, ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढला.

ब्रिटननंतर आपल्याला सव्वीस वर्षे लागली, हे मला अक्षम्य वाटते. ज्या निकालासाठी मुक्या प्राण्यांचे जीव घेतले, तो फायलीत पडू देणे हा त्या जिवांचाही अपमान आहे.

पाकिटावर घटकांची यादी असते, तिच्यात ९२४ हा ब्रोमेटचा क्रमांक शोधा. सुटा बन घेत असाल, तर बेकरीवाल्याला सरळ विचारा.