कलावंतानें पैशाचें बोलणें करावें काय ?

बिदागी ठरवितांना गवयानें घासाघीस केली, म्हणजे आपणां सुशिक्षितांसही तें जरा हलकें वाटतें. सरस्वतीच्या उपासकानें लक्ष्मीचें नांव कशाला काढावें, असें परवां आमच्याच पंक्तीस एक वडील म्हणाले. वाद न घालतां आम्हीं त्यांस इटलीच्या ज्युसेप्पे व्हेर्डीची हकीकत सांगितली. तीच येथें देतों.

ऑपेरा म्हणजे ज्यांतील बहुतेक सारें भाषण गाऊनच व्हावयाचें असें नाटक. मिसरचा खेदीव इस्माईल यानें १८६९ सालीं कैरो येथें ऑपेराचें थिएटर उभारलें, आणि तें व्हेर्डीच्याच 'रिगोलेत्तो'नें उघडलें. त्या प्रसंगासाठीं एक स्तोत्र रचावें, ही विनंति मात्र व्हेर्डीनें नाकारली होती. पुढील वर्षीं सबंध ऑपेराचीच मागणी आली. प्राचीन मिसरांतील कथानक मारिएत या पुराणवस्तुसंशोधकानें जुळविलें. पॅरिसचा द्यु लोक्ल मध्यस्थ झाला. व्हेर्डी आढेवेढे घेई. अखेर कथानक त्याच्या मनास आलें.

२ जून १८७० च्या पत्रांत त्यानें अटी मांडल्या. रक्कम दीड लक्ष फ्रँक, ती पॅरिसमध्यें रोथ्शील्डच्या पेढीवर मिळावी. पद्यें रचून घेण्याचा व प्रयोग बसविण्यास माणूस पाठविण्याचा खर्च आपण सोसूं. ही मोठी रक्कमच लोकांच्या लक्षांत राहते. आमच्या मतें खरी मेख पुढच्या कलमांत आहे. खेदीवास हक्क मिळावयाचा तो फक्त मिसर देशापुरता. उरलेल्या साऱ्या जगांत पद्यांचा व संगीताचा धनी व्हेर्डीच. जमीन विकणें आणि ती खंडानें लावणें यांतील भेद ज्या घरांस ठाऊक आहे, त्यांस हें कलम निराळें समजावून सांगावयास नको. व्हेर्डीच्या आधींच्या पिढींतील संगीतकारास एकरकमी पैसे मिळाले कीं संपलें. पुढें चोरट्या नकलांवरून गांवोगांव प्रयोग होत, आणि त्याच्या हातीं दमडीही पडत नसे. १८४० सालीं ऑस्ट्रिया व सार्डिनिया यांनीं ग्रंथकर्त्यांच्या हक्कांविषयीं तह केला, तेव्हांपासून इटलींत ही स्थिति पालटूं लागली.

खेदीवानें अटी मान्य केल्या. 'आइदा'चे पडदे व पोशाख पॅरिसमध्यें तयार होत असतांच प्रशियाशीं युद्ध पेटलें, शहरास वेढा पडला, आणि जानेवारी १८७१ चा मुहूर्त हुकला. कैरोंत पहिला प्रयोग झाला तो २४ डिसेंबर १८७१ रोजीं. व्हेर्डी तिकडे गेलाच नाहीं. मिलानच्या ला स्काला थिएटरांत ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं 'आइदा' लागली, त्या उत्पन्नावर खेदीवाचा कांहीं अधिकार नव्हता. आगाऊ मिळावयाच्या पन्नास हजारांतून दोन हजार फ्रँक जखमी फ्रेंच शिपायांस द्यावे, असें मात्र व्हेर्डीनें द्यु लोक्लला कळविलें होतें.

"म्हणजे हिशेबी गृहस्थ !" असें आमचे वडील म्हणाले. हिशेबी खराच. मिलानमध्यें वृद्ध व निराधार गायकवादकांसाठीं त्यानें स्वखर्चानें एक मोठें घर बांधिलें, आणि आपल्या ऑपेरांच्या हक्कांचें उत्पन्न मृत्युपत्रानें त्या घरास लावून दिलें. व्हेर्डी १९०१ सालीं वारला. घर उघडलें १९०२ सालीं. आपल्या हयातींत तें उघडूं नये, अशी त्याचीच इच्छा होती. राहणाऱ्यांनीं येऊन आभार मानावे, हें त्याला नको होतें.