धातूवर पोर्सेलिन टिकतं कसं?

दाताच्या रंगाच्या अनेक कॅप आतून धातूच्या असतात. चावण्याचा जोर धातूची पातळ टोपी पेलते. रंग आणि झळाळी वरच्या पोर्सेलिनची. दोघांना जोडायला गोंद लागत नाही. ते काम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर करतो.

लॅबमध्ये टोपीवर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून ती खडबडीत करतात, मग भट्टीत तापवतात. शुद्ध सोन्यावर ऑक्साइड धरत नाही, म्हणून मिश्रधातूत थोडं कथील, इंडियम किंवा लोह घालतात. निकेल-क्रोमियमवर मात्र हा थर जाड झाला, तर पोर्सेलिन त्याच्यासकट सुटतं. पहिला अपारदर्शक लेप धातूचा करडेपणा झाकतो. त्यावर दाताच्या छटेचे थर चढवून साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजतात.

खरी कसोटी थंड होताना लागते. धातू किंचित जास्त आकसला, तर पोर्सेलिन दाबाखाली राहतं. दाब ते उत्तम सोसतं, ताणाने तडकतं. जुनं पोर्सेलिन फारच कमी आकसायचं. १९६२ च्या वाइनस्टाइन पेटंटांनी ल्युसाइट या खनिजाच्या साह्याने सोन्याच्या मिश्रधातूंशी त्याचा मेळ बसवला.

निकेलची ॲलर्जी असेल, तर कॅप ठरवतानाच दंतवैद्यांना सांगा. टवका उडाला, तरी दाखवायला उशीर करू नका.